नांगरावाचून होडी नेऊ नये

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नव्हतं, म्हणून दादानं स्पीडबोट घेतली.

हे कारण माझं नाही, त्याचंच. "पवता येत असतं तर पवतच नसतो का गेलो आबांना घिऊन?" असं तो म्हणे, आणि इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणे की ऐकणाऱ्याला बोट न घेणारेच वेडे वाटावेत. दादा गेला त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं चहाची बशी खाली ठेवतात आणि मग हळूच विचारतात, "ते बोटीचं नेमकं काय झालं होतं हो?" प्रत्येकानं ऐकलेली हकिकत वेगळी. कुणाच्या मते बोट जळाली. कुणाच्या मते ती धरणाच्या भिंतीवरून उडून पलीकडे पडली. (ती उडाली हे खरं. भिंतीच्या बाबतीत आम्ही निर्दोष आहोत.) तेव्हा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

आमचं मूळ गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. धरण झालं, पाणी चढत आलं, गाव खाली राहिलं आणि आम्ही वर आलो. पाण्यात जमीन गेलेल्यांना सरकारनं जमिनी दिल्या त्या बऱ्याच लांब, आणि आमच्या वाट्याला कवठे महांकाळ तालुक्यातला एक माळ आला. तिथे प्यायला पाणी नव्हतं. पुन्हा बुडण्याची भीती नको, असा सरकारचा विचार असावा.

येताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातले देव आणले आणि लोखंडी नांगर आणला. माळावरच्या मुरमात तो नांगर कधी नीट शिरलाच नाही. आबांनी तो गोठ्यात उभा करून ठेवला आणि दर बेंदराला बैलांच्या शिंगांबरोबर त्यालाही तेल लावायचे. जुन्या गावाचं नाव मात्र काढायचे नाहीत. तिकडे पुन्हा गेलेही नाहीत. कुणी विचारलं की म्हणत, "पानी बगायला येवडं लांब कशाला जायाचं? पानी काय बगायची वस्तू हाय?" (हे ते ज्या गावात बोलत, तिथे पाणी ही खरोखरच बघायची वस्तू होती.)

दादा फौजेत होता. वर्कशॉपमध्ये हवालदार होऊन पेन्शनीवर आला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती : आबांना एकदा आपल्या रानावर न्यायचं. रान पाण्याखाली आहे ही त्याला अडचण वाटत नव्हती. वाहन तेवढं बदलावं लागणार होतं.

मी म्हटलं, "दादा, तिथे सरकारी लाँच आहे. तिच्यातून नेऊ या."

दादा म्हणाला, "आबांना इचारलं मी."

"मग काय म्हणाले?"

"म्हनले, ज्येनी बुडीवलं त्येंच्याच होडीत बसू व्हय?"

तेव्हा स्वतःची होडी हवी होती. आणि दादाच्या हाती लागली ती शर्यतीची. मुंबईच्या एका शेठला बोटींच्या शर्यतींचा नाद होता. बोट दोनदा उलटल्यावर शेठाणीनं तो नाद सोडवला. पुढे कित्येक वर्षं ती बोट गॅरेजमागे पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत. दादानं शेठची बंद पडलेली मोटार चालू करून दिली आणि बक्षीस म्हणून कोंबड्यांखालची बोट मागितली. शेठला वाटलं, हवालदार थट्टा करतोय. शेठाणीनं मात्र लगेच नारळ देऊन दोघांना निरोप दिला, दादाला आणि बोटीला.

सांगलीहून मुंबईला हळद घेऊन गेलेला एक ट्रक रिकामा परत येत होता, त्यातून बोट आली. ट्रकच्या फळ्यांना बसलेली हळद तिला दोन्ही अंगांनी लागली होती. माळावर ट्रक थांबला, ताडपत्री निघाली, आणि पिवळीजर्द बोट बघून आमचे शेजारी भिकूतात्या ओरडले, "आरं, नवरदेव आला रं!"

भिकूतात्या मेंढरं राखायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी होडी पाहिली नव्हती, त्यामुळे होडीबद्दलची त्यांची मतं अगदी पक्की होती. ते बोटीखाली वाकले आणि तसेच राहिले.

"हवालदार, फसीवलं की तुला! मधी बोगदा हाय!"

खरंच होता. साध्या होडीला एक पोट असतं, हिला दोन बाजूंना दोन लांबट पोटं होती आणि मधे आरपार मोकळी जागा.

"त्यो पायजेच, तात्या," दादा म्हणाला. "त्येच्यातनं हवा शिरती. हवा शिरली की बोट वर उचलती आन पळती."

"पान्यात पळती का हवंत?"

"दोनीच्या मधी."

"मंग इमानच का न्हाई घेतलं गड्या? मधी कशाला लोंबकळायचं?"

दादा तोवर बोटीची लाकडं ठोकून बघायला लागला होता.

पुढचा महिना दादानं बोट लावण्यात घालवला. जुनी लाकडं खरवडली, फटी भरल्या, पुन्हा पिवळाच रंग दिला. इंजिन मागच्या फळीवर टांगायचं होतं, आणि ते किती उंचीवर टांगायचं ह्यावर म्हणे सगळं अवलंबून : फार खाली गेलं तर बोट पळत नाही, फार वर आलं तर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता ओरडतो. दादा दोरी लावून मोजायचा, पाचर काढायचा, पाचर मारायचा. मग इंजिन चालू करून बघायची वेळ आली. असलं इंजिन पाण्याशिवाय चालवलं तर जळतं, म्हणून ते पाणी भरलेल्या पिंपात बुडवून चालवतात.

पिंपभर पाणी! आमच्या माळावर! विहिरीवर घागरींची रांग लागलेली, आणि दादा त्या रांगेत पिंप घेऊन उभा! बायांनी आधी वाट दिली. वाटलं, घरी कार्य असेल. पिंप अंगणात गेलं आणि त्यात इंजिन बसलं हे कळल्यावर अर्धी रांग आमच्या दारात आली. सर्वांच्या पुढे आमची वहिनी.

"आवं, घरात पोरास्नी प्यायला घोट न्हाई, आन ह्या मढ्याला पिंपभर?"

"जरा दम धर. पाचच मिंटं."

"पिऊन झाल्यावर काय हुतंय त्येला?"

दादानं दोरी ओढली. इंजिन गरजलं, पिंपानं उडी मारली, आणि त्यातलं सगळं पाणी एका झटक्यात वर जाऊन वहिनीवर, बायांवर आणि भिकूतात्यांच्या नव्या घोंगडीवर पडलं. मग भिकूतात्या पेट्रोलचा वास घेत म्हणाले, "ह्या साली आमच्यावर पयला पाऊस ह्योच."

आता ह्या हकिकतीत माझा प्रवेश होतो, आणि तिथून ती बिघडत जाते.

बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती : बोट कशी लावावी, कशी चालवावी, जीव कसा वाचवावा. दादाचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि मराठीत इंग्रजी शब्द आला की माझं डोकं दुखायचं. (तो वयाचा भाग होता. आता मी सुखानं 'मिक्सर' म्हणतो.) मी शब्दकोश घेऊन बसलो आणि पुस्तिकेतले सगळे नियम शुद्ध मराठीत आणले. बोटीचं पुढचं टोक म्हणजे 'नाळ', हा दर्यावर्दी लोकांचा जुना शब्द मला सापडला तेव्हा मी दोन दिवस खुशीत होतो. चालक तोल जाऊन पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून एक दोरी चालकाच्या मांडीला बांधतात. तिला मी 'प्राणदोर' म्हटलं.

दादानं वाचून बघितलं.

"नाळ एकाएकी वर उचलू देऊ नये. कुनाची नाळ रं बाळ्या? बोट हाय का बाळतीन?"

"पुढचं टोक, दादा."

"मंग टोक लिव की. आन हे? इंजान मारायच्या दोरीला प्रानदोर?"

"प्राण वाचवते ना!"

"इंजनाचा घेती. बरं, ऱ्हाऊ दे. मोठ्या अक्षरात लिव. फौजेत सगळं भिंतीवर लिवल्यालं असतं, म्हनून मानसं मरत न्हाईत." (तो फौजेतून सुखरूप आला होता. मी वाद घातला नाही.)

मी पत्र्यावर रंगानं नियम लिहिले आणि पत्रा बोटीशेजारी वाळत ठेवला. त्यातला एक असा होता : 'नांगरावाचून होडी पाण्यात नेऊ नये. होडी थांबताच नांगर टाकावा.' मराठीत अँकरला नांगर म्हणतात. शब्द शुद्ध आहे, जुना आहे, कोशात आहे. मला त्यात काही खटकण्यासारखं दिसलं नाही. मी त्या वेळी ज्या घरात उभा होतो त्या घराच्या गोठ्यात काय उभं आहे, हे कोशात नव्हतं.

आबांनी तोवर बोटीकडे एकदाही बघितलं नव्हतं. येता-जाता तिला वळसा घालताना ते मान दुसरीकडे करत. त्या दिवशी ताजा रंग बघून थांबले. आबा चौथीपर्यंत शिकलेले. वाचताना ओठ हलायचे. दादा आणि मी ओसरीवरून बघत होतो.

"नां... ग... रा... वा... चू... न." पुन्हा पहिल्यापासून. मग मला हाक.

"बाळ्या, हे तुज्या मनानं लिवलंयस?"

"नाही आबा. पुस्तकातलं आहे."

"इंग्रजांच्या?"

"हो."

"छापील?"

"छापील."

आबा बोटीजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी तिच्यावरून पहिल्यांदा हात फिरवला. "इंग्रजाला शेती कळत हुती म्हनायची," ते म्हणाले.

दादानं मला कोपऱ्यात ओढलं. "नांगर म्हंजी अँकर ना रं?"

"हो."

"मंग अँकर लिवायला काय झालतं?"

"तो इंग्रजी शब्द आहे."

"आन आता?"

आता आबा गोठ्यात गेले होते आणि नांगरावरचं तरट काढत होते.

दादा गोठ्याच्या दाराशी गेला. मग हळूच म्हणाला, "आबा, तुमी येताय व्हय मंग?"

"न यिऊन सांगतोय कुनाला? तुमा दोगांच्या हातात नांगर दिऊ व्हय? एक फौजेतला, एक कालिजातला!"

कित्येक वर्षं जे आम्हांला जमलं नव्हतं ते एका चुकीच्या वाचनानं केलं होतं. आता बरोबर अर्थ सांगितला तर आबा नांगर गोठ्यात ठेवणार आणि स्वतः ओसरीवर बसणार, हे आम्हां दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. मी भाषेचा मास्तर. शब्दाचा अर्थ सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी गप्प बसलो.

आणि मग बिकट असं झालं की पुस्तिकेतला प्रत्येक नियम आबांना पटू लागला. मी सांगितलं, बोट पुढून हलकी असली तर बोगद्यात हवा जास्त शिरते, पुढचं टोक उचलतं आणि बोट मागच्या मागे पालथी होते. मला हे सांगायला बराच वेळ लागला.

"म्हंजी उलाळती," आबा म्हणाले. "बैलगाडी उलाळती तशी. मंग नांगर पुढल्या अंगाला ठिवायचा. त्येच्यासाटीच सांगितलाय त्यो."

मग इंजिनाची चौकशी झाली.

"वडनार कोन?"

"इंजान. चाळीस घोड्यांचं हाय," दादा म्हणाला.

आबांनी इंजिनाकडे बघितलं. ते दूध घालायच्या कॅनपेक्षा फार मोठं नव्हतं. "घोड्यावर आपला इस्वास न्हाई. बैलं किती?"

दादानं बोटांवर खरोखर हिशेब केला. "धरा की, तिसेक."

"तीस बैलं! मंग मागं लय रेटून धराय लागंल."

दिवाळीनंतर पाणी भरपूर असतं म्हणून तेव्हा निघालो. भाड्याच्या ट्रकमध्ये बोट, बोटीत नांगर, नांगराशेजारी मोटेचा सोल, म्हणजे जुना जाड दोर, गुंडाळून घेतलेले आबा, आणि पुढे ड्रायव्हरजवळ भाकरीची दुरडी मांडीवर घेतलेली वहिनी. कऱ्हाडच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं. "काय हाय हे?" दादा म्हणाला, "बोट." पोलिसानं आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "मंग नांगर कशाला?" आबा म्हणाले, "त्येच्याबिगर चालत न्हाई. छापील हाय." पोलिसानं ट्रक सोडला. शिकलेल्या घरातली माणसं असावीत असं त्याला वाटलं असणार.

पाण्याच्या काठी पोचलो. आबा पाण्याकडे न बघता बोटीकडेच बघत होते. वहिनीनं बोटीला कुंकू लावलं आणि नारळ उचलला.

"बोटीवर फोडू नगंस!" दादा ओरडला. "लाकूड पातळ हाय. फुटंल!"

"नारळानं फुटनारी बोट पान्यात नेताय व्हय?" वहिनीनं नारळ दगडावर फोडला आणि आमच्या तिघांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधले, झाकणं मेण लावून बंद केलेले. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांना बांधतात तसे. माझी गाठ मारताना म्हणाली, "भावजी, तुमाला दोन बांदते. तुमी इचार लय करता."

दादानं पुढे बसून प्राणदोर मांडीला बांधली. आबा मधे बसले. मी मागे, इंजिनाशेजारी, नियमांचा पत्रा छातीशी धरून. इंजिन सुरू झालं आणि बोट निघाली. पण उडेना! नांगर पुढे ठेवलेला, त्यामुळे तिचं नाक पाण्यात घुसलं. ती पाण्याचा ढीग पुढे ढकलत म्हशीसारखी चालली, आणि तो ढीग थोडा थोडा करून आमच्या मांडीवर यायला लागला. दादानं इंजिन मंद केलं.

"आबा, पुढं वजन लय झालं! नांगर मागं घ्यावा लागंल!"

"मी मगाधरनं त्येच म्हनतोय," आबा म्हणाले. (ते उलटंच म्हणत होते, पण ती चर्चेची वेळ नव्हती.) "नांगर मागंच असतुया. बैलाच्या म्होरं कुनी बांदतं का?" त्यांनी नांगर स्वतः उचलून मागे आणला आणि सोलाचं एक टोक नांगराला, दुसरं इंजिनाजवळच्या लोखंडी कडीला आवळून बांधलं. माझ्या छातीवरच्या पत्र्यावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं : 'नांगराचा दोर होडीच्या पाठीमागे कदापि बांधू नये.' मी तो पत्रा आबांसमोर धरला. पण इतक्यात दादानं इंजिनाला मोकळं सोडलं आणि पत्रा वाऱ्यानं गेला.

बोट उडाली. ह्याला दुसरा शब्द नाही. खालचं पाणी नाहीसं झालं आणि नुसते दणके राहिले. पाठीवरचे डबे धडाधड वाजायला लागले. लांबून कुणाला वाटलं असतं, वरात चालली आहे. आबांचा पटका सुटून मागे लांबच्या लांब फडफडला आणि गेला. दादा हसत होता. मी डोळे मिटून पत्र्यावरचे नियम पाठ म्हणत होतो, शुद्ध मराठीत.

मग बोट हळू झाली, पुन्हा पाण्यावर बसली. मी डोळे उघडले. सगळीकडे सारखं पाणी. गाव नाही, देऊळ नाही, खूण म्हणून एक काटकी नाही.

"आबा," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "कुटं हुतं वो आपलं रान?"

एवढ्यासाठी त्यानं बोट घेतली होती. एवढं एकच त्याला कुठल्या पुस्तिकेत सापडणार नव्हतं. मला वाटलं, झालं. आता आबा 'परत फिरव' म्हणणार. पण त्यांनी पाण्यावरची नजर उचलून डोंगराकडे बघितलं. एका सोंडेकडे, मग दुसऱ्या.

"त्यो कडा त्या खिंडीवर आला पायजे. उजवीकडं घे. आजून. आजून थोडा... काठाकडं... हां. थांब."

तिथे काठ जवळ होता. आमचं वरचं रान चढावर होतं. दादानं बोट थांबवली. इंजिन मागे बारीक घरघरत होतं. आबांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मग उभे राहिले, दोन्ही हातांनी नांगर उचलला आणि पाण्यात सोडला. नियमाप्रमाणेच : होडी थांबताच.

पुढे बसलेल्या दादाला हे दिसलं नाही. त्याला आबांना रानाभोवती एक फेरी मारून आणायची होती. त्यानं इंजिन सोडलं.

सोल ताठ झाला. बोटीचं पुढचं टोक आकाशाकडे गेलं, इंजिन किंचाळलं, आणि आम्ही अगदी सावकाश, कण्हत कण्हत पुढे सरकू लागलो. मी मागे बघितलं. आमच्या मागे पाण्यात लालभडक मातीची एक रेघ वर येत होती. सरळ रेघ! नांगर लागला होता!

आबांनी सोल दोन्ही हातांत धरला, पाय रोवले आणि मागे रेलले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

"हां, माज्या राजा! चल! सरळ! आरं, तास वाकडं जातंय, तास!"

"तास?" दादा पुढून ओरडला. आबांचं तास म्हणजे नांगरानं ओढलेली रेघ, पण इंजिनाच्या आवाजात दादाला अर्धंच ऐकू येत होतं. "आवं आबा, आत्ता तर निगालोय! तास कुटला झाला?"

"वळीव म्हनतोय! म्होरं ताल हाय!"

"काय हाय?"

"ताल! ताल!"

दादाला वाटलं, आबा खुशीत येऊन भजन म्हणतायत. त्यानं आणखी सोडलं. ताल म्हणजे आमच्याकडे शेताचा दगडी बांध. आबांनी तो स्वतःच्या हातानं घातला होता, आणि बारा-पंधरा वर्षं पाण्याखाली राहूनही तो ढळला नव्हता, ह्याचा पुरावा आम्हांला त्याच क्षणी मिळाला. नांगर तालीत अडकला. बोट जागच्या जागी थांबली, तिचा मागचा भाग खाली बसला, आणि कोयनेचं पाणी मोठ्या अदबीनं मागच्या फळीवरून आत आलं. दादा आसनावरून फेकला गेला, प्राणदोर निघाली, इंजिन गप्प झालं. (माझ्या भाषांतरातला तेवढा एक नियम जसाच्या तसा पाळला गेला.)

"उलाळली!" असं आबा समाधानानं म्हणाल्याचं मला आठवतं. मग आम्ही तिघेही पाण्यात होतो.

काठाकाठानं धावत आलेल्या वहिनीची हाक आली, "आवं! बुडाला का वो?"

मी बुडालोच होतो. दोन डबे मला वर ढकलत होते, मी हातपाय मारून स्वतःला खाली नेत होतो. नाकातोंडात पाणी. मी दादाला हाका मारल्या, आबांना मारल्या, कॉलेजच्या प्राचार्यांनासुद्धा एक मारली. उत्तर नाही. दोघे गेले, असं मी धरून चाललो. पाण्यातून डोकं वर काढून बघितलं, तर आबा उभे होते.

पाण्यात. उभे. छातीइतक्या पाण्यात, बोडक्या डोक्यानं, आपल्या अंगणात उभे असावेत तसे.

"ये रं हिकडं," ते दादाला म्हणत होते. "भिऊ नगंस. तालीवर पाय ठेव. आपलंच रान हाय."

दादा चाचपडत त्यांच्याजवळ गेला आणि उभा राहिला. दोघे शेजारी शेजारी. आबांनी पायानंच खालचा दगड चाचपून बघितला, पुढचा बघितला. "जाग्यावर हाय," म्हणाले. दादाच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

आमची तारांबळ लांबून बघून सरकारी लाँच भकभक करत आली. तिच्यावरचा माणूस कठड्यावरून वाकून ओरडला, "आजोबा, हात द्या! वर या!"

"कशाला?" आबा म्हणाले.

"आवं, पान्यात हाय तुमी!"

"मी माज्या रानात हुबा हाय. तुमी कुटं निगालाय?"

लाँचवाल्यानं टोपी मागे सारून आबांकडे बघितलं, दादाकडे बघितलं, पाण्यातून वर आलेल्या बोटीच्या पिवळ्या नाकाकडे बघितलं. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. पाठीवर दोन डबे, तोंडात पाणी, आणि चहूबाजूंनी फेस.

"आन त्यो तिकडं कोन बुडतोय?"

आबांनी मान वळवून मला एकदा नीट बघून घेतलं.

"त्यो व्हय? त्यो आमचा धाकटा. लय शिकल्याला हाय," ते म्हणाले. "पाय खाली टेकायचं तेवडं ऱ्हायलंय."